पात्याचा सूर

"यंदा मेमी नाहीत झाडांवर," प्यो म्हणाला, आणि शेजारून चालणारी मिरान एकदम थांबली. थांबायचं तसं काही कारण नव्हतं. सिग्नल नव्हता, समोरून गाडी येत नव्हती, ऑगस्टच्या उन्हात सॉंगसूचा रस्ता तव्यासारखा तापला होता, आणि असल्या उन्हात शहाणा माणूस पाय उचलून चालतो. मिराननं वर झाडाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं, मग पुन्हा चालायला लागत म्हणाली, "हो ना, मालक. फवारणी केली असेल कुणीतरी." विषय संपला. पण प्योच्या पायात काहीतरी अडकल्यासारखं झालं. बाई थांबली का? उन्हाळाभर खोडाला चिकटून कोकलणाऱ्या त्या किड्यांचं कौतुक या गावात कुणाला नव्हतं. दरवर्षी लोक त्यांना शिव्या घालतात, खिडक्या लावून घेतात, दुपारची झोप मोडली म्हणून कुरकुरतात. यंदा ते नाहीत तर बरंच झालं की. तो साधं बोलला होता, हवापाण्याचं बोलावं तसं. आणि ही बाई, वीस वर्षं ज्याच्या हाताखाली काढली त्या माणसाकडं, पाहुण्या घरात फुटलेल्या कपाकडं पाहावं तशी पाहत होती. पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

तो सहासष्ट वर्षांचा होता आणि लोकांच्या नजरांची त्याला सवय होती. नजर मानाची होती, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी त्यानं आपला कारखाना बंद केला. कारखाना कसला, एक लांबट खोली, चार मशिनं आणि भिंतीला टेकलेलं कातरकामाचं टेबल. आता तिथं कॉफीचं दुकान आहे आणि पोरंपोरी त्याच टेबलावर कोपरं टेकून केक खातात. टेबलावरचे रापीचे वार तसेच ठेवलेत म्हणे, शोभा म्हणून. असो. कारखाना गेला तरी कान राहिला. चामडं तासायचं मशीन विकत घ्यायचं, तेही जुनं, म्हटलं की अख्ख्या सॉंगसूतले बूटवाले, पर्सवाले अजून प्योला बोलावतात. शिवायच्या मशिनीचं काय, दोरा तुटला तर दिसतो. तासायच्या मशिनीचं तसं नाही. ती चामड्याची कड पातळ करते, म्हणजे दुमडताना, शिवताना जाड वळ येऊ नये. एवढंच तिचं काम. पण त्या कामासाठी तिच्या पोटात पोलादी पेल्यासारखं गोल पातं गरागरा फिरत असतं आणि बोटं त्याच्यापासून दोन चार तांदळांच्या अंतरावर चालतात. मशीन खोटं निघालं तर पहिल्यांदा चामडं जातं आणि मग बोट. म्हणून ही माणसं प्योला बोलावत. तो येई, जाकीट काढून खुर्चीला अडकवी, मशिनीभोवती दोन फेऱ्या मारी, आणि शेवटी चालू करून मान कलती करी. मग तो ‘चालेल’ म्हणाला की चालेल. नवरा बायकोचं भांडणसुद्धा तिथं मिटे. मिरानच्या नवऱ्यानंही तेच सांगितलं होतं. बायको कामाला होती तो कारखाना बंद पडला, ती स्वतःची खोली घेऊन स्वतःच्या मशिनीवर बसणार म्हणते, बसू दे. पण प्यो मालकांनी हो म्हटल्याशिवाय घरात दुसऱ्याचं जुनं लोखंड येणार नाही.

कोपऱ्यावर हेसुकचं दुकान लागलं. काचेचं दार, खालच्या अर्ध्या भागावर दुधी कागद, वरच्या काचेतून तिचं डोकं आणि खांदे दिसत होते. खाली वाकून ती काही तासत असणार. प्यो दिसताच ती अर्धवट उठली आणि वाकून नमस्कार केला. त्यानं हात वर केला. पोरगी गुणाची होती, पोरगी म्हणजे चाळिशीची, पण या धंद्यात नवी. दक्षिणेकडून आली होती, तिकडं जन्मभर शिवायच्या मशिनीवर बसलेली. वसंतात तिनं जुनं मशीन घेतलं तेव्हा प्योच गेला होता परीक्षेला, त्यानंच पातं लावून दिलं होतं. गेल्या आठवड्यात भेटली तेव्हा चाचरत म्हणाली होती की चामडं मधेच ओढल्यासारखं होतं, खाल्ल्यासारखं. यावर त्यानं तिला समजावलं होतं की मशिनीत काही खोट नाही, तुझा हात शिवणाचा आहे, तो दाबतो. बोटांपुढचा तो संरक्षणाचा पत्रा काढून टाक, पत्र्यामुळं बोटांना अंदाज येत नाही. आम्ही कुणी पत्रा लावून काम केलं नाही. तिनं दोन्ही हात पोटाशी धरून ऐकून घेतलं होतं. आता ते आठवलं तेव्हा त्याला बरं वाटलं. शिकवावं असं कुणी उरलं नव्हतं हल्ली, आणि शिकणारी माणसंही काय बोलतात ते तोंडातल्या तोंडात. मास्क लावून बोलायची सवय लागली सगळ्यांना. घरी बायकोही पुटपुटते. किटली उकळून उकळून काळी होते आणि मग ती धावत येऊन गॅस बंद करते, त्याच्याकडं रागानं बघते. अहो, शिट्टी बिघडली असेल किटलीची. लोखंडाच्या वस्तू कुठं टिकतात आता.

मशिनींचा दलाल पेक, त्याचं गोदाम रेल्वेच्या पुलाखाली होतं. वरून गाडी गेली की छपराचे पत्रे हादरत. पेकनं दोघांना थंडगार सातूचं पाणी दिलं, ‘दादा, दादा’ करत पंखा त्याच्याकडं वळवला आणि ताडपत्री ओढली. हिरवट रंगाचं मशीन, टेबलासकट. पेकच्या म्हणण्याप्रमाणं जपानी माल, दहा वर्षं वापरलेला, एकाच हातानं. मग तो बर्फाची कॉफी आणतो म्हणून गेला आणि जाताना गोदामाची किल्ली मिरानच्या हातात ठेवून गेला, न जाणो कुणी आलं तर. पेक तसा बरा माणूस होता. दलालानं परीक्षेच्या वेळी समोर उभं राहू नये, ही या गल्ल्यांतली रीत त्यानं पाळली. प्योनं जाकीट काढलं. आणि एकदा जाकीट काढलं की तो सहासष्ट वर्षांचा राहत नसे.

दहा वर्षं? तो मनात हसला. माणसानं केस काळे करावेत आणि हाताच्या शिरा उघड्या ठेवाव्यात, तसला प्रकार. रंग नवा होता पण तो स्क्रूच्या खाचांतही शिरला होता, नंबराच्या पट्टीवरही गेला होता. नखानं खरवडल्यावर खालचा काळा रंग दिसला. तो काळा रंग तीस वर्षांपूर्वीचा. धड जपानी खरं. मोटर नवी, इथलीच. टेबल शिवायच्या मशिनीचं, कारण मधली दोन भोकं कशालाच जुळत नव्हती. म्हणजे तीन मेलेल्या मशिनींचं मिळून एक जिवंत केलेलं. त्यात वाईट काही नाही, धंद्यात असंच चालतं. त्यानं पट्टा काढून आस हातानं फिरवला, वरखाली हलवून पाहिला, खेळ नव्हता. पात्याची खोली बोटाच्या पेरानं मोजली. धार लावून लावून पातं झिजत जातं आणि झिजेल तसं स्क्रूनं पुढं आणत राहावं लागतं. अजून निम्मं शिल्लक होतं. खालचा दगडी रूळ नवा. वरच्या दाबपट्टीवरून त्यानं अंगठा फिरवला, उजव्या बाजूला बारीक खोबण लागली. म्हणजे ज्याच्या हातात हे होतं तो अरुंद पट्टे तासायचा, सँडलचे, वर्षानुवर्षं तेच. उंच माणूस असावा, टेबलाचे पाय शेवटच्या भोकावर होते. हे सगळं तो मिरानला सांगत होता आणि मिरान ‘हो मालक’ म्हणत होती. मग त्याची नजर टेबलाच्या मागच्या पायाकडं गेली. पायाला पांढऱ्या दोऱ्याचा वेढा होता. नवं मशीन आणलं की सुकवलेला मासा पांढऱ्या दोऱ्यात गुंडाळून त्याची पूजा करतात, तो दोरा. धंदा बंद करताना तो गाठ सोडून काढायचा असतो. हा कापलेला होता. दोन टोकं तिरकी, कात्रीनं घाईत कापावीत तशी. घाईनं कापलेला दोरा म्हणजे मशीन कुणाच्या तरी हातून अचानक सुटलेलं. पण हे त्यानं मिरानला सांगितलं नाही. वाकून दोरा काढला आणि खिशात टाकला.

मग शेवटची परीक्षा, कानाची. मोटर चालू केली, टेबलाची घरघर तळव्यांना लागली. स्क्रू फिरवायला घेतला. इथं डोळे कामाचे नाहीत, मोजपट्टी कामाची नाही. फिरतं पातं दाबपट्टीच्या दिशेनं जरा जरा पुढं सरकवायचं आणि ऐकायचं. पातं पट्टीला नुसतं चाटून गेलं की एक सूर निघतो, बारीक, उंच, दूर कुणी ओल्या बोटानं काच घासावी तसा. तो आला रे आला की थांबायचं आणि अर्धा फेरा मागं यायचं. तिथं मशीन बसतं. सूर नितळ असेल तर पातं खरं, थरथरत आला तर पात्याला दात पडलाय, म्हणजे धारेला खाच गेलीय. याच सुरावर प्योनं चाळीस वर्षं भाकरी खाल्ली. त्यानं मान कलती केली. पाव फेरा. काही नाही. अजून पाव. काही नाही. चांगलं पातं उशिरा बोलतं. ऐकताना माणसाचे डोळे मोकळे असतात, कुठंही भटकतात. त्याचे डोळे भटकत वरच्या जाळीच्या खिडकीवर गेले. जाळीला बाहेरून एक मेमी चिकटला होता. पंख काचेसारखे, काळं अंग, आणि पोट. ते पोट भात्यासारखं आकसत होतं आणि फुगत होतं, इतकं जोरात की सगळा किडा थरथरत होता. मेमीचं पोट कधी असं हलतं ते लहान पोराला विचारलं तरी सांगेल. तो ओरडत होता. प्योच्या डोक्यावर चार हातांवर जीव तोडून ओरडत होता, आणि गोदामात पंखा, मोटर आणि पुलावरची गाडी यांच्याशिवाय काही नव्हतं.

त्यानं मिरानकडं पाहिलं. तिचे खांदे कानांपर्यंत वर आले होते. दात आवळलेले. काच घासल्यावर माणसाचं तोंड होतं तसं तिचं तोंड झालं होतं. सूर कधीच निघाला होता. कितीतरी आधी निघाला होता, आणि ती तोंडातून शब्द काढत नव्हती. हात पोटाशी धरून ती खाली जमिनीकडं पाहत होती. ही नजर, ही मान त्यानं आधी पाहिली होती. कुठं पाहिली होती हे आठवायला वेळ लागला नाही, कारण ती त्याचीच होती. सव्वीस सत्तावीस वर्षांचा असेल तो. नदीपलीकडच्या जुन्या पुलाजवळचा कारखाना, चा आडनावाच्या मास्तरांचा, दुसरा मजला, जिन्यात रबराच्या डिंकाचा वास. चा मास्तर म्हणजे त्या काळचा कान. त्यांनी जुनं मशीन आणलं आणि सगळ्यांना भोवती उभं करून स्क्रू फिरवायला घेतला. सूर आला. प्योनं ऐकला, सगळ्यांनी ऐकला. मास्तर फिरवत राहिले. सूर जाडा झाला, मग खरखरला, मग पात्याच्या कडेला एक ठिणगी उडाली, इवलीशी. मास्तरांचे डोळे मिटलेले होते, चेहरा इतका शांत, देवळात बसल्यासारखा. मग ते थांबले, अर्धा फेरा मागं आले आणि म्हणाले, "वा. आवाजच नाही हिला." आणि सातजणांनी माना डोलावल्या. बोलायचं कसं? ज्यानं हातात रापी दिली, राहायला जागा दिली, लग्नात मुलाकडचा म्हणून उभा राहिला, त्याला म्हणायचं की तुम्हाला ऐकू येत नाही? प्योनं तेव्हा मूग गिळले आणि स्वतःला सांगितलं की हा आदर आहे. आदरच होता तो. हेच तर वाईट.

त्या ठिणगीसरशी मास्तरांच्या पात्याला दात पडला होता. दात पडलेलं पातं कापत नाही, पकडतं. तीन आठवडे सुनदोकताई त्या मशिनीवर कुरकुरत बसल्या, चामडं खातंय म्हणून. त्या प्योपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, दुपारी आपल्या डब्यातली मुळ्याच्या लोणच्याची फोड त्याच्या भातावर ठेवायच्या. मग एका सकाळी मास्तर जिना चढून आले. वडीलधारं माणूस दारातून आलं की उठून वाकायचं, हे काही कुणी शिकवत नाही, ते पाठीच्या कण्यातच असतं. सुनदोकताई अर्धवट उठल्या आणि वाकल्या, डावा हात चामड्यावर तसाच. पात्यानं चामडं पकडलं आणि ओढलं. दोन बोटं, पहिल्या पेरापासून. ओरडल्या नाहीत त्या. ‘अगं बाई’ म्हणाल्या, भाजी करपल्यावर म्हणतात तशा. पुढं सगळ्यांनी ठरवलं की मशीन हलवलं तो दिवस वाईट होता. पंचांगात बघितलं तर खरंच वाईट निघाला, भुताखेतांच्या फेरीचा दिवस. सगळ्यांना केवढं हायसं वाटलं. मास्तरांनी स्वतः दोन घोट तांदळाची दारू मशिनीच्या पायाशी ओतली. आणि प्योनं, ज्यानं ठिणगी डोळ्यांनी पाहिली होती, त्यानंही तो दिवसच वाईट धरला. चाळीस वर्षं धरला. चांगला दिवस बघितल्याशिवाय मशीन हलवायचं नाही, हा त्याचा दंडक सगळ्या सॉंगसूला माहीत होता. लोक म्हणत, जुन्या वळणाचा माणूस.

हात अजून स्क्रूवरच होता. त्याला वाटलं, अर्धा फेरा मागं यावं, ‘चालेल’ म्हणावं, जाकीट घालावं. कॉफी येईल, पिऊन निघावं. झाकली मूठ झाकलेली राहील. मिरान काही बोलायची नाही, मरेपर्यंत बोलायची नाही, आणि हे कळल्यावरच त्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली. जन्मभर ज्याला तो मान समजत होता त्याच्या आत हे होतं तर. माणूस खड्ड्याकडं चाललाय आणि भोवतालची सगळी भली माणसं हात पोटाशी धरून वाकून उभी.

त्यानं मोटर बंद केली. "मिरान, वाजत होतं का?"

"तुम्ही म्हणाल तसं, मालक."

"मी काही म्हणत नाही. मला ऐकू येत नाही." बोलून झाल्यावर त्याला नवल वाटलं की एवढंच वाक्य होतं. "मेमी ओरडतायत ना? भरपूर?"

मिरानच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "कान फुटायची वेळ आलीय," ती म्हणाली.

तिला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वीच्या शरदातल्या चुसॉकच्या सणाला ती फळं घेऊन घरी आली होती, किटली शिट्टी मारून मारून दमली आणि तो शेजारी बसून तिला धार लावायच्या दगडांबद्दल सांगत होता. तेव्हापासून. फक्त तिलाच नव्हे. तिनं खालमानेनं सांगितलं की गल्लीत बहुतेकांना ठाऊक आहे. पण तुमचं नाव पुरतं, मालक. तुम्ही येऊन गेलात की दलाल खोटं बोलत नाही, घरचे ऐकतात, आणि डोळ्यांनी, हातांनी तुम्ही जे बघता ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही. पातं काय, तुम्ही गेल्यावर आम्ही ते पुन्हा लावून घेतो. मी पण आज तसंच करणार होते. ती हे समजूत घालण्यासाठी सांगत होती आणि प्योला ते एकेका शब्दागणिक तोंडात मारल्यासारखं लागत होतं. दोन वर्षं. तो मान कलती करून उभा राहायचा, चा मास्तरांसारखा, आणि सगळे पाहायचे. तो निघाला की कुणीतरी पान्हा घेऊन त्याचं काम पुसायचं. चार मशिनं पाहिली होती त्यानं एवढ्यात. पहिलं एका पर्सवाल्या जोडप्याचं. दुसरं तिसरं एकाच कारखान्यात, तिथं जुनी माणसं आहेत. चौथं वसंतातलं.

"हेसुकला माहीत आहे?" त्यानं विचारलं.

मिरानचा चेहरा आधी कोरा होता. मग तिचं तोंड हळूहळू उघडलं. हेसुक नवी, तासायच्या मशिनीचा सूर असतो हेसुद्धा तिला ठाऊक नसणार. ती दक्षिणेची, गल्लीतल्या बायकांत अजून नीट मिसळलेली नाही, तिला कुणी सांगितलं असेल? प्रत्येकीला वाटलं असणार की दुसरीनं सांगितलं. "ती म्हणाली होती, चामडं खातं म्हणून," मिरान पुटपुटली, आणि प्योला ते ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. आपण तिला काय उत्तर दिलं तेही त्याला आठवलं. तुझा हात दाबतो. पत्रा काढून टाक. तिनं तो काढला असणार. त्याच दिवशी काढला असणार, वडीलधाऱ्या माणसानं सांगितलं म्हणून.

मिराननं फोन काढला. त्यानं झडप घालून तिचं मनगट धरलं. "नको. मशीन चालू असेल. फोन वाजला तर एका हातानं घेईल." पेकच्या किल्लीकडं, उघड्या गोदामाकडं पाहत मिरान घोटाळली. ‘कुलूप लावते आणि येते, मालक, थांबा’ म्हणाली असावी. तो थांबला नाही. जाकीट खुर्चीवर राहिलं.

उन्हात माणसं कॉफीचे पेले हातात घेऊन फिरत होती. पळणाऱ्या म्हाताऱ्याला त्यांनी वाट करून दिली, एकदोघांनी फोन वर केला. प्रत्येक झाडाशी आता त्याला ते दिसत होते. खोडाखोडाला दहा दहा, वीस वीस, काळी पोटं भात्यासारखी हलणारी. सगळा रस्ता किंचाळत होता आणि तो त्यातून शांततेत पळत होता. महिनाभर याच झाडांखालून तो गेला आणि म्हणाला, यंदा मेमी नाहीत. माणसाला वाटतं, आवाज गेला म्हणजे वस्तू गेली. खिशातला कापलेला दोरा त्याच्या बोटांना लागला. उंच माणूस, अरुंद पट्टे तासणारा. त्याच्या मशिनीचं पातं कुणी लावून दिलं असेल? कुणाच्या कानानं? तो आठवायला लागला, उंच माणूस, उंच माणूस, आणि मग त्यानं ते आठवणं जबरदस्तीनं थांबवलं.

कोपरा आला. काचेचं दार, खाली दुधी कागद. वरून हेसुकचे खांदे दिसत होते, वाकलेले. दाराच्या मुठीकडं गेलेला हात त्यानं मागं घेतला. आत गेलो तर ती उठेल. काचेवर टकटक केलं तर दचकेल, आणि मग उठेल. मशीन बंद असेल तर चिंता नाही, एका हाकेत काम होईल. पण बंद आहे का? खांदे हलत नव्हते. तासतानाही खांदे हलत नाहीत, चांगल्या कामगाराचे तर नाहीतच. त्यानं काचेला तळवा लावला. काच थरथरत होती. वर एसीचा डबा थरथरत होता, पलीकडून ट्रक जात होता, त्याचं स्वतःचं छातीतलं धडधडत होतं, यातलं मशीन कुठलं? कुणीही, रस्त्यातलं कुठलंही पोर, इथं उभं राहून सांगू शकलं असतं. मिरान येईल, तिला विचारता येईल. तो वळून पाहायला लागला. रस्त्याच्या टोकाला ती दिसली, एका हातानं ऊन अडवत धावत येणारी, अजून बरीच लांब. तोवर नजरेआड व्हावं, भिंतीला चिकटून उभं राहावं, असं त्याच्या मनात आलं. एवढं साधं, दोन पावलं बाजूला व्हायचं. दुपार कलली होती, ऊन त्याच्या पाठीमागून येत होतं, आणि त्याची सावली काचेतून आत हेसुकच्या टेबलावर पडली होती.

तिनं मान वर केली. त्याला पाहिलं आणि ती हसली, ओशाळून, मालक उन्हात उभे आणि आपलं लक्ष नाही म्हणून. त्यानं दोन्ही हात वर केले, बस, बसून राहा, उठू नकोस, तो ओरडला, पण आत काही पोचलं असेल की नाही देव जाणे. ती उठायला लागली. मग तिनं नेहमीसारखं वाकून नमस्कार केला, चांगला खोल, आणि तिचे हात दुधी कागदाच्या मागं होते.